दोन फायली

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. ते शेवटासाठी ठेवलं तर मधल्या पानांत मी ती हळूहळू डॉक्टरांवर, औषधांवर आणि नशिबावर ढकलीन. तोंडी सांगताना मी ते बऱ्याचदा केलं आहे.

माझ्या कपाटात एकाच माणसाच्या दोन फायली असायच्या. निळी फाईल गारखेड्यातल्या हाडांच्या डॉक्टरांची, पिवळी छावणीकडच्या डॉक्टरांची. निळीत काय आहे ते पिवळीला कळू द्यायचं नाही, असा माझा हिशेब. एकांनी दुखऱ्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि "आता तीन-चार महिने नाही" असं बजावलं, की महिन्या-दीड महिन्याने मी दुसऱ्यांकडे जायचो. "याआधी कधी घेतलंय?" असं त्यांनी विचारलं, की म्हणायचो, "नाही, पहिलंच."

अशा दोन फायली माझ्या स्वतःच्या होत्या. माझ्या वहिनींच्याही दोन होत्या. त्यांच्या फायली त्यांनी केल्या नव्हत्या, मी केल्या होत्या.

* * *

मी एकावन्न वर्षांचा आहे. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात कारकून आहे आणि शहरात, गारखेड्यात राहतो. गाव कन्नडपासून आत. तिथे माझे थोरले भाऊ शेती करतात, अद्रक आणि मका. त्यांना मी दादा म्हणतो. आई मी सात वर्षांचा असताना गेली. दादांचं लग्न होऊन वहिनी घरात आल्या तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि त्या एकोणीस. तरी पहिल्या दिवसापासून मला "अहो भाऊजी" म्हणायच्या. माझं नाक पुसतानासुद्धा "भाऊजी, शिंकरा बरं" असं म्हणत. वर्गातली पोरं यावरून मला चिडवायची.

दहाव्या वर्षी मला मुदतीचा ताप आला होता. दादा शेतात होते. वहिनींनी मला कडेवर घेतलं, सडकेपर्यंत चालत गेल्या आणि जीपने कन्नडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून, उलट्या किती. वहिनींनी पदराखालून हात बाहेर काढला आणि बोटांच्या पेरांवर मोजून एकेक सांगितलं. सोमवारी दोनदा, मंगळवारी सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. डॉक्टर म्हणाले, शिकलेली माणसंही इतकं नीट सांगत नाहीत. वहिनी चौथी शिकल्या आहेत. ही गोष्ट त्या पुढे किती वर्षं सांगत होत्या.

ही गोष्ट मी इथे का लिहिली ते पुढे कळेल.

* * *

आमच्याकडे गावातल्या प्रत्येक घराचा शहरात एक माणूस असतो. दवाखान्याचं काम निघालं की त्याच्याकडे उतरायचं. तो सकाळी लवकर जाऊन नंबर लावतो, कंपाउंडरला नावाने हाक मारतो, एक्स-रे कुठे काढायचा ते सांगतो आणि पेशंटला आत घेऊन जातो. डॉक्टरांशी तोच बोलतो. पेशंट बाजूला बसून मान हलवतो.

आमच्या भावकीचा तो माणूस मी होतो. हे मला फार आवडायचं. ऑफिसात मला कोणी विचारत नसे, पण आठवड्यातून एकदा तरी गावाकडचा फोन यायचा, "तुम्ही हाव म्हणून बरंय." दादा लोकांना सांगायचे, "आमचा धाकटा निम्मा डॉक्टर हाय." मी नको-नको म्हणायचो आणि ऐकत उभा राहायचो.

निम्मा डॉक्टर होण्याची सुरुवात माझ्या खांद्यापासून झाली. हात वर जाईना, शर्ट घालता येईना. गारखेड्यातल्या डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन दिलं आणि तिसऱ्या दिवशी मी माळ्यावरून डबा खाली काढला. दुखणं सुटलेल्या माणसाला काय वाटतं ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल. त्या डॉक्टरांनी मला व्यायामाचा कागदही दिला होता. तो मी फाईलीत लावला आणि पुन्हा पाहिला नाही. पुढे कंबर दुखली, गुडघा दुखला. दर वेळी मला फक्त ते इंजेक्शन हवं असायचं. मधल्या दिवसांसाठी एक बारीक पांढरी गोळी होती, तीही स्टेरॉइडचीच. एकदा लिहून मिळालेली चिठ्ठी मी जपून ठेवली होती. तीच दाखवून मेडिकलमधून पुन्हा-पुन्हा पाकीट आणायचो आणि गावाकडच्या माणसांनाही दोन-चार गोळ्या कागदात बांधून द्यायचो.

इंजेक्शन वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. ते नीट विचारून, नीट अंतर ठेवून देणारे दोन चांगले डॉक्टर मला भेटले होते. मी त्या दोघांनाही फसवलं.

* * *

वहिनींचे गुडघे गेली काही वर्षं दुखत होते. अद्रक काढायची, धुवायची, निवडायची, सगळं काम बसून. बसलं की उठवेना. मीच त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. पहिलं इंजेक्शन घेतल्यावर पाच-सहा दिवसांनी त्यांचा फोन आला, "भाऊजी, आज मी गच्चीवर जाऊन पापड घातले. तुमच्यामुळं." मी तो फोन ऑफिसात दोघा-तिघांना सांगितला.

मग त्यांच्या मंगलचं लग्न ठरलं. इंजेक्शन घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. वहिनी म्हणाल्या, पोरीच्या लग्नात मला उभं राहता आलं म्हणजे झालं. गारखेड्यातले डॉक्टर नाही म्हणाले. इतक्या जवळ-जवळ घेऊ नये, हाडाला त्रास होऊ शकतो, असं त्यांनी चांगलं समजावून सांगितलं. मला सांगितलं. वहिनी बाहेर बाकावर होत्या. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "इथली लस संपलीय. आपण छावणीकडे जाऊ." इंजेक्शनला त्या लसच म्हणत.

रिक्षात मी त्यांना शिकवलं. डॉक्टर विचारतील, आधी घेतलंय का. तर सांगायचं, पहिलीच. नाहीतर ते उगीच चार तपासण्या लावतील.

वहिनींनी विचारलं, "खोटं सांगायचं व्हय?"

मी म्हणालो, "डॉक्टर लोकांना असंच सांगावं लागतं, वहिनी. तुम्हाला नाही कळायचं."

आत गेल्यावर त्यांनी सांगितलं, "पहिलीच हाय." त्या दिवशी पिवळी फाईल झाली. लग्नात वहिनी उभ्या राहिल्या, करवल्यांबरोबर चार पावलं नाचल्यासुद्धा. तो व्हिडिओ आता मला बघवत नाही.

* * *

माझं दुखणं जांघेत सुरू झालं. स्कूटरवरून उतरताना डाव्या जांघेत कोणी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. मग मोजा घालता येईना. मग रिक्षात बसताना पाय आपोआप आत येईना, मांडी दोन्ही हातांनी उचलून ठेवावी लागे. मी आणखी एक इंजेक्शन घेतलं. यावेळी काही उपयोग झाला नाही.

माझी बायको सुनंदा मला तिसऱ्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. हे खुब्याच्या हाडाचे डॉक्टर. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी एमआरआय करायला लावला आणि रिपोर्ट घेऊन आम्ही समोर बसलो तो दिवस मला मिनिटा-मिनिटाने आठवतो. टेबलावर खुब्याच्या सांध्याचा प्लास्टिकचा नमुना होता. त्यातला गोळा त्यांनी बोटाने फिरवून दाखवला. या गोळ्याला रक्त कमी पडलं की हाड आतून मरत जातं, म्हणाले, मग तो चेपतो. तुमचा डावा चेपलेला आहे.

मग त्यांनी विचारलं, "दारू?"

"नाही."

"स्टेरॉइडची इंजेक्शनं, गोळ्या?"

मी म्हणालो, "इंजेक्शनं दोन झाली असतील."

सुनंदाने पिशवीत हात घातला. मी घरून फक्त निळी फाईल घेतली होती. तिने पिवळी आणली होती, मला न सांगता. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "दोन नाहीत हो डॉक्टर. ही पण बघा. आणि गोळ्या वेगळ्या."

डॉक्टरांनी दोन्ही फायली शेजारी-शेजारी उघडल्या आणि तारखा एका कागदावर ओळीने लिहिल्या. आठ इंजेक्शनं झाली. गोळ्यांचा हिशेब माझा मलाच सांगता आला नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, काहींना कशाहीशिवाय होतं. पण इतकं आणि इतक्या जवळ-जवळ घेतल्यावर संशय यायलाच हवा. मग चष्मा काढून म्हणाले, "घरात आणखी कोणी असं घेतं का?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही."

* * *

यानंतरचे पाच महिने लिहायला मला सगळ्यात जड जात आहेत.

गोळ्या, कुबड्या, वजन टाकायचं नाही, बघू किती दिवस निभतंय, असे ते दिवस होते. मी रजेवर घरी होतो. भीती होती. हाड मरतं हे वाक्य डोक्यातून जाईना. टीव्हीवर कोणी पळताना दिसलं तरी मी चॅनल बदलायचो. सुनंदा सकाळी माझे मोजे घालून देई, मग स्वतःचं आवरून शाळेत शिकवायला जाई. संध्याकाळी येऊन पुन्हा माझंच. तिची कंबर धरायची तर ती कधी बोलायची नाही. आमच्या घरात दुखतंय म्हणायचीही भीती वाटू लागली होती.

गावाकडे मी सांगितलं की मोटरसायकलवरून पडल्याचा जुना मार आता बाहेर आला. सगळ्यांनी विश्वास ठेवला. इंजेक्शनचं नाव मी घेतलं नाही. कारण ते घेतलं असतं तर पुढचा प्रश्न वहिनींचा होता.

सुनंदा रोज विचारायची नाही, पण आठवड्यातून एकदा नक्की विचारायची, "ताईंना कधी सांगणार?" वहिनींना ती ताई म्हणते. मी म्हणायचो, माझं ऑपरेशनचं ठरू दे, मग. ती म्हणाली, मी सांगू का? मी नको म्हणालो. ती म्हणाली, "बरोबर आहे. हे तुमच्याच तोंडून जायला पाहिजे." आणि वहिनींच्या दोन्ही फायली कपाटातून काढून तिने फ्रिजवर ठेवल्या, पाणी घ्यायला गेलं की दिसतील अशा.

त्या पाच महिन्यांत एकदा दादांचा फोन आला. वहिनींचा गुडघा पुन्हा धरला होता. तुझ्याच्यानं येणं व्हायचं नाय, पण नंबर तेवढा लावून दे, म्हणाले. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडाशी शब्द आले होते. मी छावणीकडच्या दवाखान्यात कंपाउंडरला फोन केला आणि नंबर लावला. दादा वहिनींना घेऊन आले, इंजेक्शन झालं, संध्याकाळी आमच्याकडे चहा पिऊन दोघं एसटीने परत गेले. जाताना वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लवकर बरे व्हा."

सुनंदाला हे नंतर कळलं. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

* * *

अखेर सांधा बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं. इतकं खरं की त्या म्हणाल्या, काका, लहानपणच्या कांजिण्या नाही लिहिल्या तरी चालेल.

ऑपरेशननंतरचे दिवस मला वाटलं होतं तेवढे वाईट गेले नाहीत. पहाटे रक्तदाब, मग स्पंजिंग, मग बेचव उपमा, मग फिजिओथेरपीची मुलगी. माझ्या खोलीत दुसरे पेशंट एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते, पैठणकडचे. त्यांचाही खुबा बदलला होता. वॉकर घेऊन दारातून वळताना ते तोंडाने हॉर्न द्यायचे. मी चालायला उठलो की म्हणायचे, "साहेब, डबल बेल झाली, गाडी सोडा." पहिल्या दिवशी मी चार पावलं टाकली आणि रडलो. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "पहिल्या थांब्याला सगळेच उतरतात."

आणि वॉर्डातल्या मावशी. बेडपॅन नेताना त्या आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत राहायच्या, म्हणजे आपल्याला लाज वाटायला वेळच मिळू नये. ही त्यांची पद्धत आहे हे मला चौथ्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी घरी जाताना नियम सांगितले. खाली बसायचं नाही. कमरेतून वाकायचं नाही. उंच खुर्ची, उंच कमोड. खाली पडलेली वस्तू उचलायची नाही.

* * *

मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. सुनंदाची रजा संपली होती, म्हणून स्वतःहून आल्या. दोन पिशव्या, एकीत मेथीचे लाडू आणि दुसरीत ओली अद्रक. कमोडची उंच खुर्ची पाहून म्हणाल्या, "भाऊजी, हे तर शिंव्हासन झालं तुमचं." मला जेवण द्यायच्या, औषधाच्या वेळा पेरांवर मोजून लक्षात ठेवायच्या, वॉकरच्या मागे-मागे चालायच्या.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसून पाहत होतो. वहिनी दिवाणावर बसल्या होत्या. त्यांनी पाय वर घ्यायचा होता. पाय आला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी उजवी मांडी धरली आणि उचलून वर ठेवली. मग जांघेत अंगठा दाबून थोडा वेळ डोळे मिटून बसल्या.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. गुडघा दुखणारं माणूस जांघेत अंगठा दाबत नाही. मी पाच महिने रोज तिथेच अंगठा दाबत होतो.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "भाऊजी, उद्या फोन करून नंबर लावता का? आलेच हाय तर लस घेऊन जाते. अद्रक काढायला आलीय, तुमच्या दादाच्या एकट्याच्यानं व्हायचं नाय."

मी म्हणालो, "ते डॉक्टर सध्या बाहेरगावी आहेत, वहिनी."

सुनंदा शाळेतून आली होती, स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. बाहेर आली, फ्रिजवरच्या वहिनींच्या दोन्ही फायली घेतल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. "डॉक्टरसाहेब परत कधी येणार आहेत?" एवढंच म्हणाली.

तेव्हाही मी पूर्ण सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं. म्हणालो, वहिनी, परवा माझे टाके काढायचे आहेत, तर तुमचाही पाय माझ्या डॉक्टरांना दाखवू, ते मोठे आहेत. त्या लगेच तयार झाल्या. मी नेतो म्हटल्यावर त्यांनी कधीच काही विचारलेलं नाही.

* * *

खुब्याच्या डॉक्टरांनी वहिनींना टेबलावर झोपवून पाय फिरवून पाहिला. उजवा पाय आत वळवताना वहिनींनी ओठ दाबले. डॉक्टर परत खुर्चीत बसले, कागद घेतला आणि विचारलं, "आजी, गुडघ्यात इंजेक्शनं किती घेतली?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहून सरळ म्हणाल्या, "एकबी नाय. घेतली तर ही पहिलीच."

मी शिकवलेलं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. माझ्यासाठी त्या खोटं बोलल्या, तेही माझ्यासमोर आणि मला अडचण नको म्हणून. ज्या बाईने माझ्या उलट्या वारासकट मोजून सांगितल्या होत्या, तिला मी दवाखान्यात खोटं बोलायला शिकवलं होतं.

मी वॉकर धरून उभा होतो. सुनंदाकडून पिशवी मागून घेतली आणि वहिनींच्या दोन्ही फायली टेबलावर ठेवल्या. म्हणालो, "डॉक्टर, मागच्या वेळी घरात कोणी घेत नाही म्हणालो होतो. खोटं बोललो होतो. यांना मीच नेत होतो. असं सांगायला यांना मीच शिकवलंय."

डॉक्टर तारखा उतरवायला लागले. वहिनींनी पदराखालून हात काढला आणि अंगठा पेरांवर फिरवायला लागल्या. डॉक्टरांचं लिहून व्हायच्या आधीच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नऊ. मंगलच्या लग्नातली धरून नऊ."

डॉक्टरांचेही नऊच भरले.

* * *

वहिनींच्या एमआरआयचा निकाल आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. उजव्या खुब्यात सुरुवात झालेली होती. गोळा अजून गोल होता, चेपला नव्हता. डॉक्टरांनी एक छोटं ऑपरेशन केलं, हाडाला बारीक भोकं पाडून आतला दाब कमी करायचं. काही महिने कुबड्या. आता त्या काठी घेऊन चालतात. सांधा पुढे टिकेल का, हे दर तपासणीला बघायचं आहे. गुडघ्यांसाठी रोज व्यायाम करतात, मीही करतो. फाईलीत पडून राहिलेला तो व्यायामाचा कागद आता आमच्या आणि गावाकडच्या, दोन्ही भिंतींवर आहे. अद्रक त्या वर्षी मजूर लावून काढली.

मी डॉक्टरांना एकदा विचारलं, पाच महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. बरं वाटावं म्हणून मी काही सांगणार नाही." त्यांचं हे बोलणं मला आवडलं. हा प्रश्न आता माझ्याकडेच राहणार आहे.

जे कोणी माझ्यासारखे घराचे दवाखान्याचे माणूस असतील, त्यांच्यासाठी एवढंच लिहितो. आत पेशंटला बोलू द्या. डॉक्टर बदलला तर जुनी फाईल बरोबर न्या, ती दाखवायची लाज वाटत असेल तर नक्कीच न्या. आणि इंजेक्शन घेतलेल्या माणसाची जांघ दुखायला लागली तर ते तुमच्या घरातल्या शांततेपेक्षा मोठं आहे, लगेच सांगा.

* * *

आता त्या दिवसाचं, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

फायली टेबलावर ठेवल्यानंतर वहिनी माझ्याशी काहीच बोलल्या नव्हत्या. रागावल्या होत्या की विचारात होत्या, कळत नव्हतं. घरी आल्या, भाकरी केल्या, माझं ताट वाढलं. औषधाच्या वेळेला पाण्याचा पेला समोर ठेवला. "भाऊजी" ही हाक मात्र आली नाही. चाळीस-बेचाळीस वर्षांत असा दिवस मला आठवत नाही.

आमच्या घरात माफी तोंडाने मागत नाहीत. काही कमी-जास्त झालं, तर दसऱ्याला सोनं देताना किंवा पाडव्याला मोठ्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं. ते पाठीवर हात ठेवतात. त्यात सगळं मिटतं, कशाबद्दल होतं हे कोणी उच्चारत नाही. लहानपणापासून मी सगळ्या चुका अशाच मिटवत आलो होतो, आणि मनात तेच ठरवलं होतं. संधी बघून पाया पडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा एमआरआय होता. आत लोखंड, दागिने चालत नाहीत. तिथल्या सिस्टरने सगळं उतरवायला सांगितलं. वहिनींनी बांगड्या काढल्या, कानातलं काढलं. मंगळसूत्राला हात लावून थांबल्या. सुनंदाने घरून हळदीत भिजवलेला दोरा आणला होता, तो त्यांच्या गळ्यात बांधला आणि मंगळसूत्र काढून घेतलं. सगळं माझ्या रुमालात बांधून दिलं आणि ती फॉर्म भरायला काउंटरवर गेली.

राहिली जोडवी. वहिनी खुर्चीवर बसून पाय वर घ्यायला लागल्या. दुखरा पाय गुडघ्याच्या वर येईना. हात बोटांपर्यंत पोचेना. मी वॉकर एका बाजूला सरकवला, खुर्चीचा हात धरला आणि खाली वाकायला निघालो. जोडवी काढायची होती, आणि खरं सांगायचं तर त्या निमित्ताने पायांवर डोकं ठेवायचं होतं.

वहिनींनी माझ्या छातीला तळहात लावून मला थांबवलं.

"वाकू नका, भाऊजी. तुम्हाला वाकायचं नाय सांगितलंय. सुनंदा काढंल."

हाक आली होती. मी परत सरळ उभा राहिलो. पाय माझ्यापासून तीन फुटांवर होते आणि मला तिथपर्यंत जाता येत नव्हतं. आता तोंडच उरलं होतं.

आत मशीनचा ठोक-ठोक आवाज चालू होता. रिपोर्ट काय येणार, कोणालाच माहीत नव्हतं. मी रुमाल घट्ट धरला आणि म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

"जाऊ द्या आता."

"नाही, ऐका. गारखेड्यातली लस संपली नव्हती. डॉक्टर नको म्हणाले होते, हाडाला त्रास होतो म्हणाले होते. ते मला सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला खोटं बोलायला लावलं. माझा खुबा पडल्यामुळे गेला नाही, याच इंजेक्शनांमुळे गेला असणार, हे मला पाच महिने माहीत होतं. माहीत असून नववं इंजेक्शन मी तुम्हाला फोन करून नंबर लावून दिलं. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवून घरी गेलात आणि मी गप्प बसलो. परवा ते डॉक्टर बाहेरगावी आहेत म्हणालो, तेही खोटं. ते इथेच होते. मला माफ करा, वहिनी."